भिंगाचे पडदे

तीस वर्षं आजोबांनी त्या दीपगृहाची राखण केली होती, पण आज त्याच दारावरची बेल त्यांना दाबावी लागली. दीपगृह आता दुसऱ्या कुणाचं घर झालं होतं. आजोबांना हवा होता फक्त एक पडदा.

पडदे आजीनं शिवलेले. दिव्याचं भिंग माणसाएवढं; दिवसा त्यावर ऊन पडलं, की समोरची वस्तू पेटलीच म्हणून समजा. म्हणून सकाळी दिवा मालवला, की भिंगाभोवती पडदे ओढायचे. सरकारी पडदे विरले, नवे काही येईनात, तेव्हा आजीनं आपल्या लग्नातल्या चादरी फाडून आठ पडदे शिवले. निवृत्तीच्या दिवशी ती म्हणाली, "एक तरी घेऊ या हो, आठवण म्हणून."

"इथं टांगलं ते सरकारी. हात लावायचा नाही."

"मोठे आले हरिश्चंद्र!" म्हणत ती रिकाम्या हातानं जिना उतरली. गेल्या महिन्यात ती गेली, आणि आजोबांना उठता-बसता तो पडदा दिसायला लागला. काय अडलं होतं हो म्हणायला? एका फडक्यापायी बायकोचं मन मोडलं!

नवी मालकीण तरुण पोर, पण मोठ्या मनाची. पाणी दिलं, हौसेनं वर नेलं. एकशे बारा पायऱ्या. आजोबा तीनदा टेकले. वर नवा रंग, नवा सोफा आणि मधोमध तेच भिंग, उघडंबोडकं.

"इथं पडदे होते..."

"ते जुने होय? रंगाऱ्यांनी ब्रश पुसायला घेतले. कामाचे होते का हो?"

लग्नातल्या चादरी, आणि ब्रश पुसायला! पण त्या पोरीचा काय दोष? "छे छे," ते म्हणाले, "चिंध्याच त्या."

तेवढ्यात त्यांना सोफ्याच्या पाठीवर जळका डाग दिसला. "हे कशानं?"

"कळतच नाही बघा! मी ह्यांच्या सिगारेटवर आळ घेतला. दोन दिवस अबोला आहे आमचा."

आजोबांनी अंगातला कोट काढून उन्हाच्या बाजूनं भिंगावर पसरला आणि तिला सगळं समजावलं.

"अगं बाई! आजच पडदे शिवायला टाकते. माप सांगाल?"

माप तोंडपाठ होतं. आठ पडदे, लांबी साडेसहा फूट, खाली दुहेरी शिवण, म्हणजे वाऱ्यानं उडत नाहीत.

"किती नीट शिवलेले होते म्हणजे! कुणी शिवले होते हो? त्यांच्याकडेच देते."

आजोबा तिथंच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले.