धम्मपालचा नवा टप्पा

येडगावच्या धरणावर हनुमंतरावांनी एकतीस वर्षं गेटं उघडली आणि बंद केली. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, धम्मपालने, त्यावर एक गाणं केलं.

पाणी सुटलं गं, पाणी सुटलं
उभ्या शिवाराचं कोडं सुटलं

कालव्याला पाणी आलं की हाच निरोप गावात तोंडोतोंडी जायचा. धम्मपालने तो उचलला, पुण्याच्या भाड्याच्या खोलीत बसून त्याला गिटारवर संथ चाल लावली आणि कंपनीतली नोकरी सोडून तो ‘इंडी फोक’ गायक झाला. म्हणजे नेमकं काय, असं जानकाबाईंनी, त्याच्या आईने, विचारलं तेव्हा त्याने समजावलं, “कुठल्याही कंपनीच्या आधाराशिवाय, आपल्या हिमतीवर गायचं.”

“म्हंजी नोकरी न्हाई, आसंच ना?” असं म्हणून त्या गॅस बारीक करायला उठल्या.

पहिली दोन वर्षं तो कॅफेंतून गायला. ऐकायला दहा-बारा माणसं असत. त्यातली निम्मी बिलाची वाट बघत असत. मग त्याला वैजयंती भेटली. ती दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी पुण्यात निवडक लोकांसाठी मैफल भरवायची. हॉलमधल्या चांगल्या खुर्च्या काढून तिथे सतरंज्या अंथरायची. तिच्या सतरंजीवर ज्याला जागा मिळाली त्याचं नाव झालं, असं गायक मंडळींत बोललं जायचं.

तिने त्याची पाच गाणी डोळे मिटून ऐकली. “आवाज छान आहे,” ती म्हणाली, “पण तू कुठला आहेस, ते मला ऐकू येत नाहीये.”

“येडगावचा,” धम्मपाल म्हणाला.

“तसं नव्हे रे.”

तसं नव्हे म्हणजे कसं, याचा विचार करत तो आठ दिवस फिरला. त्यातच त्याच्याबरोबर ताल धरणाऱ्या मित्राला कावीळ झाली आणि तरीही वैजयंतीने त्याला देऊ केलेली मैफल चार दिवसांवर आली. नाइलाजाने त्याने घरी फोन लावला.

हनुमंतराव ढोलकी वाजवायचे. चौदा एप्रिलपासून मृग लागेपर्यंत त्यांची गायन पार्टी जुन्नर-आंबेगावात गावोगाव फिरायची. जयंत्या, लग्नं, वाढदिवस. सोबतचे एकेक करून थकले, पार्टी मोडली आणि ढोलकी कपाटावर गेली. मुलाचा फोन आल्यावर त्यांनी ती खाली काढली, पानावरची शाई तपासली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने ते पुण्यात हजर झाले. अंगात इस्त्रीची सफारी, खिशाला दोन पेनं.

त्या रविवारी ‘पाणी सुटलं’वर हनुमंतरावांची थाप पडली आणि सतरंज्यांवरची माणसं सरळ होऊन बसली. गाणं संपल्यावर कुणाला टाळी वाजवायचंही भान राहिलं नाही. मैफलीनंतर खादीचा कुडता घातलेले एक गृहस्थ हनुमंतरावांच्या पायाशी बसले.

“काका, हा ठेका किती पिढ्यांचा?”

“ह्यो व्हय? ह्यो मी ब्याण्णव साली मंचरला एका बँजो पार्टीकडनं उचलला. लई झ्याक वाजवायचा त्यो पोरगा.”

गृहस्थांनी वहीत लिहिलं : मौखिक परंपरा.

तेव्हापासून धम्मपालच्या ध्वनीचा प्रवास सुरू झाला. हा शब्द वैजयंतीचा. प्रवासाची दिशा एकच होती, काहीतरी काढून टाकायचं. दुसऱ्या मैफलीला बासरीवाला गेला. तिसरीला गिटार जाऊन तुणतुणं आलं. चौथीला कडव्यांमधले वाजवायचे तुकडे गेले, कारण शांतता हेही एक वाद्य आहे असं धम्मपालच्या मनाने घेतलं होतं. दर वेळी ऐकणारे वाढत होते आणि वाजणारं कमी होत होतं. पाचव्या मैफलीला त्याने माइक काढला.

हनुमंतराव स्टेजवर आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “लाइट गेली काय रं?”

“नाही, अण्णा. मुद्दाम काढलाय माइक. लोकांना खरा आवाज ऐकू द्यायचाय.”

हनुमंतराव ढोलकी घेऊन बसले. वाजवलं, नमस्कार केला, उतरले. पण धम्मपाल त्यांना घरी पोचवायला निघाला आणि एसटी राजगुरुनगरच्या पुढे घाट चढत असताना त्यांनी खिडकीबाहेर बघतच विषय काढला.

“आमची पार्टी सुरू झाली तवा गावात एकच माइक व्हता. आधी किर्तनाला, मग भाषणाला, मग हारतुऱ्याला. आमच्यापत्तूर येईस्तोवर त्याचा आवाज बसलेला आसायचा. उरसात तर आमी नुसत्या गळ्यावर गायचो. गळ्यातनं रक्त यायचं बाकी व्हतं. आपल्या वस्तीचा सोताचा माइक घ्यायला पंधरा वर्सं गेली.” मग ते मुलाकडे वळून म्हणाले, “आन तू त्यो काढून ठिवतो. पुन्यात लोकं त्याला टाळ्या वाजिवत्यात.”

खरं सांगायचं तर धम्मपालला त्यातही एक गाणं दिसलं, आणि ते दिसल्याची लाजही वाटली.

महिन्याभराने तो घरी गेला तेव्हा आतल्या खोलीतून विचित्र आवाज येत होते. काच फुटल्याचा, मग ढोल, मग घोडा खिंकाळल्याचा. आत हनुमंतराव ऑक्टोपॅडसमोर काठ्या घेऊन बसले होते. नारायणगावच्या गेणभाऊंनी त्यांच्या ऑर्केस्ट्राचा जुना पॅड विकायला काढला होता, तो हनुमंतरावांनी घरी आणला होता.

“अण्णा, हे कशाला?”

“कशाला म्हंजी? मी जल्मभर ढोलकी का वाजवली, तर ह्ये घेता आलं न्हाई म्हणून. ह्याच्यात आठ खाने हायेत. एकेकात पायजे ती चीज भरायची. आरं, ट्रकचा हॉर्नबी हाय ह्याच्यात!” आणि त्यांनी तो वाजवून दाखवला.

“चार दिस झालं, कोंबड्या खुराड्याभाईर येईनात,” जानकाबाई दारातून म्हणाल्या.

पॅड मैफलीत वाजवायची परवानगी त्यांनी वैजयंतीकडे रीतसर मागितली. खात्यात जन्म गेला होता, तोंडी कामावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी अर्ज दिला. वैजयंतीने तो प्रेमाने वाचला. “काका, ते घरी असू दे. तुमची ढोलकी म्हणजे माती आहे हो. उलट मला वाटत होतं, तुम्ही फेटा बांधाल का? आणि खांद्यावर एक घोंगडी?”

“बाई,” हनुमंतराव शांतपणे म्हणाले, “मी एकतीस वर्सं सरकारी ड्युटी केली. घोंगडी घेऊन गेटवर गेलो आसतो तर सायबानं मेमो दिला आसता.”

फेटा टळला. पॅडही टळला. मग मंचरचं आमंत्रण आलं.

मंचरचे बाळासाहेब खता-बियाण्यांचे मोठे दुकानदार, आणि दरवर्षी तिथल्या महोत्सवाची सूत्रं त्यांच्याकडे. ‘आपल्या भागातला पोरगा पुण्यात गाजतोय’ हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि सरळ फलकच छापले. फलकावर धम्मपालच्या फोटोपेक्षा बाळासाहेबांचा मोठा होता, पण ते रीतीला धरूनच होतं. वैजयंती हरखली. “मुळांकडे परत,” ती म्हणाली, आणि पंधरा रसिक व दोन कॅमेरे घेऊन स्वतः आली. धम्मपाल मात्र आदल्या दिवसापासून नीट जेवला नाही. पुण्यात तो कुठूनही चुकला तरी तो प्रयोग ठरत होता. इथे त्याला सगळं जग नावानिशी ओळखत होतं.

मैदान रस्त्याला लागून. ऊन उतरलेलं, समोर दोन-अडीच हजार माणसं. स्टेजच्या दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच स्पीकर, जे धम्मपालने बंद करायला लावले होते. त्याने तुणतुणं छेडलं, डोळे मिटले आणि ‘पाणी सुटलं’ची पहिली ओळ घेतली. ती तिसऱ्या रांगेपर्यंत गेली असेल नसेल.

पाच मिनिटं लोक सभ्यपणे बोलत बसले. त्यांना वाटलं, तयारी चाललीय. मग मागून कुणीतरी ओरडलं, “ओ भाऊ, माइक चालू करा!” दुसऱ्याने सांगितलं, “टेस्टिंग चालूय त्येंचं.” बाळासाहेब कडेने येऊन धम्मपालच्या कानात म्हणाले, “वायर निघालीय का? आपला माणूस पाठवू?”

“नाही, हे असंच आहे,” धम्मपाल कसंबसं म्हणाला आणि त्याने डोळे पुन्हा मिटले. तो त्याच्या शांततेच्या जागेपाशी आला होता. पुण्यात तिथे लोकांचे श्वास ऐकू यायचे. इथे नेमक्या त्याच जागी, रस्त्यावर अडकलेल्या कांद्याच्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. पँऽऽप, पपँऽऽप. अडीच हजार माणसं खो खो हसली.

धम्मपालचे कान तापले. आता उठावं आणि थेट येडगाव गाठावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात त्याच्या शेजारून, अगदी तस्सा, त्याच सुरात, हॉर्न आला.

हनुमंतरावांनी ढोलकी बाजूला सारली होती. स्टेजमागे गोणपाटात गुंडाळून ठेवलेला पॅड त्यांच्यासमोर होता आणि साउंडवाल्याने तो केव्हाच स्पीकरला जोडून दिला होता. रस्त्यावरचा ड्रायव्हर बहुधा हौशी असावा. त्याने पुन्हा हॉर्न दिला. हनुमंतरावांनी पुन्हा उत्तर दिलं, आणि त्या उत्तराच्या शेपटाला धरून असा काही ठेका सोडला की मैदान उभंच राहिलं. शिट्ट्या, टोप्या, उपरणी हवेत.

“धर की माइक!” ते मुलावर ओरडले. “बगतो काय?”

धम्मपालने माइक धरला. दुसरा इलाज नव्हता. तेच गाणं त्याने दुप्पट लयीत म्हटलं, आणि लोकांनी ते त्याच्या तोंडातून काढून घेतलं. ‘पाणी सुटलं’ म्हटलं की दोन हजार गळे ‘सुटलं!’ म्हणायचे. सहा वेळा गावं लागलं. बाळासाहेब स्वतः नाचले.

कार्यक्रम संपल्यावर धम्मपाल गाडीच्या आडोशाला उभा राहिला. लहानपणापासून लग्नाच्या मांडवात जे ऐकून तो पुण्याला पळाला होता, तेच आज त्याने गायलं होतं, आणि तेही कॅमेऱ्यासमोर. वैजयंती जवळ आली तेव्हा तो माफी मागणारच होता.

तिचे डोळे भरले होते. “तू मला आधी सांगितलं का नाहीस? महामार्ग आणि माती! यंत्राच्या हाकेला लोकसंगीताने दिलेलं उत्तर! हा तुझा आजवरचा सगळ्यात धाडसी टप्पा आहे.”

त्याने तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

पुढच्या तीन मैफली हातोहात भरल्या. हॉर्न कुठे येतो हे लोकांना ठाऊक झालं होतं. तो आला की ते मान हलवत आणि एकमेकांकडे अर्थपूर्ण बघत. खादीच्या कुडत्यातल्या गृहस्थांनी त्यावर मोठा लेख लिहिला. हनुमंतरावांना तो धम्मपालने वाचून दाखवला. अर्ध्यावर त्यांना डुलकी लागली.

तिसऱ्या मैफलीनंतर त्यांनी सांगून टाकलं, “मी काय आता येत न्हाई.”

“का? कुणी काही बोललं?”

“कोन कशाला बोलंल? भली मानसं हायेत. पन ती नाचत न्हाईत रं. मी हितं मरूस्तोवर बडवतो आन ती डोळं मिटून बसत्यात. मला वाटतं, झोपली का काय.” मग जरा संकोचून, “आन गेणभाऊंनी ऑर्केस्ट्रात घेतलंय मला. सीझन हाय, तारखा हायेत.”

पुण्याच्या तारखाही ठरलेल्या होत्या, आणि हॉर्नशिवाय धम्मपालला आता कुणी ऐकणार नव्हतं. म्हणून लोकसंगीताच्या मुळांपर्यंत पोचलेला गायक येडगावच्या ओट्यावर बापासमोर मांडी घालून बसला आणि दुसरा पॅड मिळवून त्यावर हळदीचा ठेका शिकू लागला. हनुमंतराव कडक मास्तर होते. “मनगट सोड. मनगट! गेट उघडायचं चाक न्हाई ते.” महिनाभर त्याचा हात बसेना. पहिल्या एकट्याच्या मैफलीत त्याची काठी चुकून शेजारच्या खान्यावर पडली आणि हॉर्नच्या जागी घोडा खिंकाळला. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. नंतर कितीतरी जणांनी त्याला त्या घोड्याबद्दल विचारलं. “ते प्रत्येकाने आपापलं समजून घ्यावं,” असं तो म्हणू लागला, आणि घोडा कायम झाला.

वैशाखात गेणभाऊंच्या ऑर्केस्ट्राला पेठ गावात एका लग्नाची हळद होती. धम्मपालला सवड होती, आणि वडलांना पॅडवर कधी त्यांच्या लोकांत ऐकलं नव्हतं, म्हणून तो गेला. चार वाजलेले, मांडवात पंखे घरघरत होते. हनुमंतराव मध्यभागी, चकाकत्या जाकिटात, डोळ्यांवर गॉगल. दोन-तीन गाणी झाली आणि माइकही त्यांनीच घेतला.

पाणी सुटलं गं, पाणी सुटलं
नवरीच्या दारी वऱ्हाड उठलं

धम्मपाल खांबाला टेकला होता, तो सरळ झाला. शिवार गेलं होतं, कोडं गेलं होतं. मधल्या कडव्यात नवरा-नवरीची नावं होती, मामाचं होतं, आचाऱ्याचंही होतं. दोन ओळी तर अशा होत्या की त्या त्याला सुचत्या तर तो महिनाभर खूश राहिला असता. सगळा मांडव नाचत होता. ज्यांना नाचता येत नव्हतं ते खुर्चीवरून पाय आपटत होते.

त्याच्या शेजारी हळदीने हात पिवळे झालेल्या एक आजी टाळी वाजवत होत्या. त्याला राहवलं नाही.

“आजी, कुणाचं हो हे गाणं?”

आजींनी त्याच्याकडे बघितलं, शहरातल्या पाव्हण्याकडे बघावं तसं.

“कुनाचं म्हंजी? जुनं हाय ते. माजी आई म्हनायची जात्यावं.”

चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, पुण्याच्या खोलीत पंखा बंद पडलेला असताना त्याने ते लिहिलं होतं. कागद अजून होता त्याच्याकडे, तारखेसह. सांगावं असं त्याच्या जिभेवर आलंही.

“चाल जरा निराळी व्हती का, तुमच्या आईची?” त्याने विचारलं.

“न्हाई, हीच,” आजी ठामपणे म्हणाल्या. “तुमी पुन्याचे, तुमाला न्हाई म्हायती. सरका जरा फुडं, आमच्या सुनंला नाचायचंय.”

तो सरकला. पुढे माणसांची खेच होती, त्यात तो आपसूक आत ओढला गेला. कुणीतरी त्याच्या कपाळाला हळद फासली. पॅडवरून हनुमंतरावांनी त्याला ओळखलं, काठी उंचावली आणि ‘पाणी सुटलं’ म्हणून माइक त्याच्याकडे न देता गर्दीकडे वळवला. गर्दीबरोबर धम्मपालही ओरडला, “सुटलं!” त्याचा आवाज त्यात वेगळा काढता आला नसता.