काळी एकचा गांधार

तर्जनीच्या पेरावर पितळेचा एक कण चिकटलेला होता – नखाच्या कोरीएवढा, किंचित वळलेला, खिडकीतल्या उन्हात उगीचच सोन्यासारखा – आणि एकनाथ त्याच्याकडे असा पाहत होता, की जणू तो कण उचलून पुन्हा त्याच्या जागी बसवता येईल. कानस अजून उजव्या हातात होती. समोर अण्णासाहेबांची पेटी पोट उघडून बसलेली. पांढरी चारच्या, म्हणजे काळी एकच्या गांधाराच्या, पितळी पत्तीखाली आधाराला सरकवलेले दाढीचे पाते तसेच राहिले होते, आणि भिंतीला टेकवलेल्या मोबाइलच्या पडद्यावर सुई मधोमध, हिरवी, निश्चल उभी होती. सुईच्या मते सूर आता बरोबर लागला होता.

हे केव्हा झाले? आपण तर केवळ धूळ पुसावयास बसलो होतो... पण हाताला धूळ आणि सूर यांतला भेद राहिला नव्हता. पुण्याच्या दुकानातून आठवड्याला चार-पाच पेट्या येत. मोबाइल टेकवायचा, पट्टी दाबायची, सुई डावीकडे कलली तर पत्तीचे टोक घासायचे, उजवीकडे कलली तर बूड. टोक घासले की सूर चढतो, बूड घासले की उतरतो. गेली अकरा वर्षे हा हात एवढेच करीत आला होता आणि त्याने आजही तेवढेच केले. सुई डावीकडे होती. पडद्यावरच्या चौदा रेघा डावीकडे. त्या चौदा रेघांसाठी एका माणसाने आपले आयुष्य वेचले होते, हे हाताला कोणी सांगितले नव्हते.

अण्णासाहेब माले गावचे. शाळामास्तर, आणि उरलेल्या वेळी भजनी मंडळाचे गुरू. त्यांचा वाद साऱ्या जगाशी होता, पण तो ते पौडाच्या देवळाच्या पायरीवर बसून घालीत. पुण्याहून आलेले एक संगीतशिक्षक त्यांना म्हणाले होते, की सप्तकाची बारा समान घरे केली म्हणजे कुठल्याही पट्टीत गाता येते. तुमची पेटी काळी एकची कैदी. अण्णासाहेब हसले होते. "सगळ्यांना थोडं थोडं बेसूर करायचं आणि त्याला समानता म्हणायचं. ही सोय आहे गुरुजी, सूर नव्हे." मग एकनाथाकडे वळून – तेव्हा तो सव्वीस वर्षांचा, सातवी नापास, सुतारकाम सोडून त्यांच्या मागे लागलेला – "एकनाथा, तंबोरा छेड. षड्ज नीट लागला की त्याच्यातूनच गांधार बोलतो. तो यंत्राच्या गांधारापेक्षा खाली बसतो. त्याला बसू द्यायचं, ओढायचं नाही. आधी गळ्यातून काढ. गळ्यात आल्याशिवाय कानशीला हात लावायचा नाही."

त्या पावसाळ्यात दोघांनी मिळून ही पेटी लावली होती. तीन सुरांची पेटी, म्हणजे प्रत्येक पट्टीखाली पत्त्यांचे तीन संच, एक खालचा खर्ज आणि दोन नर; दोन्ही नर एकाच उंचीचे, प्रत्येकाला आपली खुंटी. एका गांधारापायी नऊ दिवस. नवव्या दिवशी दुपारी षड्ज आणि गांधार एकत्र दाबले, तेव्हा दोन आवाज उरलेच नव्हते... धरणाचे पाणी वारा पडल्यावर जसे होते तसे काहीतरी खोलीत पसरले, आणि एकनाथाला रडू आले होते. ते रडू हीच आयुष्यातली माझी एकमेव पदवी, असे तो मनाशी म्हणत आला होता. लोकांच्या पेट्या पोटासाठी सुईवर लावतो, पण खरा गांधार कानात शाबूत आहे, तिजोरीत असावा तसा.

"काका, ती मला कपाटात नाही ठेवायची. वाजवायची आहे." अण्णासाहेबांची नात ज्ञानदा गेल्या शनिवारी पेटी ठेवायला आली होती. हिंजवडीत नोकरी, गळा गोड; अण्णासाहेब गेल्यावर पेटी तिच्याकडे आली होती. "कीबोर्डबरोबर धरली की बेसूर वाटते. सगळे माझ्याकडे बघतात. तुम्ही सरळ मशिनवर लावून द्या ना."

"बाळा, ह्यो आजोबांचा गांधार हाय. ह्यो मोडायचा न्हाई."

तिने पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरविले. मग हळूच म्हणाली, "पण काका, ती पेटी आजोबांच्याच आवाजाची आहे. मी पांढरी पाचला गाते. त्यात माझा गांधार लागतच नाही. मी काय करू?"

चार दिवस विचार करून त्याने ठरविले होते, की आज पाच वाजता ती आली म्हणजे पेटी नुसती पुसून परत करायची, आणि सांगायचे – दुसरी घे, हवी तर मी बनवून देतो, ही राहू दे. एवढे एक तरी आपल्याकडून राहू दे...

त्याने पाते काढले, पेटी जुळविली, भाता ओढला. पहिल्या नराचा गांधार घासला गेला होता. दुसऱ्याचा अजून अण्णासाहेबांचा होता. दोन्ही खुंट्या ओढून पांढरी चार दाबताच सूर थरथरू लागला, सेकंदाला तीनदा, ताप भरल्यासारखा. म्हणजे दोघे वेगळे आहेत, एवढे कानाला कळत होते. ठीक. आता एकेक ऐकावा, जुना आपोआप ओळखू येईल. येईलच.

"अगं, हिकडं ये जरा."

त्याची बायको रत्नाबाई भाडेकरूंच्या खोल्यांसमोर झाडत होती. पदराला हात पुशीत आत आली.

"मी डोळं मिटतो. तू ह्या दोन्हींतली कंची बी एक खुंटी वड, मग दुसरी. कंची ते सांगायचं न्हाई."

"आता ह्या वयात आंधळी कोशिंबीर व्हय?" पण ती बसली.

त्याने षड्ज आणि गांधार दाबले. ऐकला. मग तिने खुंटी बदलली, तोही ऐकला. नंतरचा शांत होता, भरलेला, जागच्या जागी. आधीचा मात्र किंचित खचलेला, ओल्या भिंतीसारखा. एकनाथाच्या छातीतले ओझे उतरले. "नंतरचा," तो म्हणाला. "नंतरचा अण्णासाहेबांचा."

"नंतर ही खुंटी वडली व्हती," रत्नाबाई म्हणाली.

त्याने डोळे उघडले. तिचे बोट पहिल्या नरावर होते. घासलेल्या.

"परत."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा त्याने विचारले, "तुला कंचा ग्वाड वाटतूय?"

"मला दोन्ही सारखंच. त्यो एक जरा रडका हाय." तिने दुसरी खुंटी दाखविली. अण्णासाहेबांची. "तुमास्नी काय झालं? त्वांड असं का केलंय?"

"काय न्हाई. जा तू."

ती उंबऱ्यापाशी थांबली. "च्या टाकू?"

ती गेली, बाहेर खराटा पुन्हा सुरू झाला.

म्हणजे असे होते तर. तिजोरी केव्हाच रिकामी होती आणि आपण तिच्या दाराशी पहारा देत बसलो होतो. कोणत्या पेटीला गेला असेल तो? शंभराव्या की पाचशेव्या? कान काही एका दिवसात जात नाही. तो रोज केसभर सरकतो आणि ज्याचा त्यालाच वाटत राहते, की आपण जागेवर आहोत, जगच सरकले आहे. अण्णासाहेबांबरोबर पुण्याच्या गुरुजींना मीही हसलो. ज्ञानदाला मी उपदेश केला. आणि अण्णासाहेबांचा गांधार आज मलाच खचलेला वाटला, मलाच रडका... नव्हे, तो शब्द रत्नाचा, पण माझ्याही मनात त्याहून बरा शब्द आला नव्हता.

दुरुस्ती अवघड नव्हती, आणि हेच सर्वांत वाईट होते. पहिल्या नराच्या पत्तीचे बूड किंचित घासायचे, थरथर थांबेपर्यंत. थरथर थांबली म्हणजे तो दुसऱ्याशी जुळला. पत्ती थोडी पातळ होईल, इतकेच. पण ती नक्कल झाली. अंगठेबहाद्दराने दुसऱ्याची सही गिरवावी तशी. अक्षर हुबेहूब, आणि अर्थ गिरवणाऱ्याला ठाऊक नाही. अशी नक्कल करून, पाच वाजता त्या मुलीसमोर बसून, हा तुझ्या आजोबांचा गांधार, हा मोडायचा नाही, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि न सांगावे, सारी पेटी सुईवर चढवून द्यावी, तर ती आनंदाने गाईल, कोणी तिच्याकडे बघणार नाही... आणि ते मला गोडच वाटेल. गोड वाटेल, ह्याचीच भीती.

मोबाइल थरथरला. पडद्यावर सुईच्या जागी ज्ञानदाचा निरोप आला : काका, ट्रॅफिक आहे, पण पाचपर्यंत भरे गावात, तुमच्याकडे पोहोचते. त्याने मोबाइल पालथा घातला.

मग अण्णासाहेबांनी शिकविले होते तसे तो ताठ बसला. दोन्ही नरांच्या खुंट्या बंद केल्या, केवळ खर्जाचा षड्ज धरला, काळी एक, आणि त्यात आपला आवाज मिसळू दिला. सा लागला. सा कोणाचाही लागतो. त्याच्यातूनच गांधार बोलतो... त्याने थांबून वाट पाहिली. बाहेर कंपनीची बस वळली, खराटा थांबला, चहाचे भांडे वाजले. गांधार गळ्याशी येऊन उभा होता, हे त्याला जाणवत होते, अगदी स्पष्ट. तोंड उघडण्याचीच देरी होती. पण जो बाहेर पडेल तो कोणाचा, हे या खोलीत ओळखणारे आता कोणी नव्हते.

डावा हात भात्यावर तसाच होता. त्याने तो हलविला नाही. षड्ज हळूहळू बारीक होत गेला, आणि एकनाथ मिटल्या ओठांनी तो संपेपर्यंत ऐकत राहिला.