नोटीस बोर्डावरची सात नावं

"माह्या पोरीले त्या अंजूच्या बाकावर नोका बसवू म्हणाव सरले. लागलं-बिगलं तं!"

"लागत नाही म्हणतेत वो तो आजार."

"म्हणतेत! मंग सरनं यादी कायले लावली?"

पालकसभेहून निघालेल्या दोघी बाया शाळेच्या नळावर पाय धूत बोलत होत्या. नळामागच्या प्रयोगशाळेत गोपीचंद सर परीक्षानळ्या पुसत होते. त्यांनी कपाळावर हात मारला. काय हे अज्ञान! सिकलसेल आईबापाकडून रक्तात येतो, बाकावरून नाही, हे चारदा सांगून झालं होतं. सर पक्के विज्ञानवादी. शेवटचं वाक्य मात्र त्यांच्या कानाआड गेलं. जे वाक्य खास आपल्यासाठी असतं, नेमकं तेच आपल्याला ऐकू येत नाही.

झालं होतं असं. तुमसरजवळच्या या गावच्या शाळेत आरोग्य पथक येऊन गेलं. मुलांचं रक्त तपासलं आणि अहवाल शाळेकडे पाठवला. दुसऱ्या कोणी तो कपाटात ठेवला असता. पण सरांना कामाचा भारी उत्साह! त्यांनी सात नावं लाल पेनानं, वळणदार अक्षरात लिहून नोटीस बोर्डावर लावली. खाली लिहिलं, 'यांनी गोळ्या नियमित घ्याव्यात.' हेतू चांगलाच होता. चांगल्या हेतूची एक अडचण असते, तो माणसाला मागे वळून पाहू देत नाही.

धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकाशिवाय जेवण पचत नाही. सरही दरवर्षी स्नेहसंमेलनाला नाटक लिहीत. यंदाचं होतं 'भगत की डॉक्टर'. एका मुलीचे हातपाय ठणकतात, भगत म्हणतो अंगात आहे, डॉक्टर म्हणते रक्तात आहे, आणि विज्ञान जिंकतं. नववीतल्या अंजूचा आवाज खणखणीत. तिनं डॉक्टरची भूमिका मागितली. सरांनी तिला पेशंट केलं.

"तुला अनुभव आहे ना बेटा," साऱ्या वर्गासमोर ते म्हणाले, "अभिनय खरा वाटेल."

दुसऱ्या दिवसापासून अंजू शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी सर तिच्या घरी गेले.

तिची आई रुखमा राईस मिलमधून नुकतीच आली होती. केसांत धानाचा कोंडा तसाच होता. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"अंजू नाटकात काम नाही करत म्हणते का?"

"नाटकात नाही, शाळेतच येत नाही म्हणते." रुखमा उंबऱ्यावर टेकली. "सर, तुमच्या नाटकातला भगत काय करते वो?"

सर खुलले. "काय करणार! देवळापुढं बसतो, पोरीचे केस मोकळे सोडायला लावतो, अन् साऱ्या गावासमोर ओरडून सांगतो, हिच्यात दोष आहे!"

"अन् तुमी काय केलं?"

सरांनी पेला खाली ठेवला.

"त्यानं देवळापुढं सांगतलं, तुमी नोटीस बोर्डावर सांगतलं. त्याच्याजवळ लिंबू, तुमच्याजवळ लाल पेन. माह्या पोरीले तं दोघायनंही उघड्यावरच आणलं नं?"

"पण रुखमाताई, आजार लपवून ठेवणं बरं नाही."

"कोण लपवून राहिलं? मिलच्या मुकडदमले मीच सांगतलं, पोरीले दवाखान्यात न्याचं हाय, सुट्टी द्या. पण मी सांगतलं, माह्या तोंडानं! तुमाले शुगर हाय म्हणतेत. लावू का बोर्डावर?"

सरांचा हात झटकन खिशावर गेला. गोळी खिशातच होती! गेली चार वर्षं ते ती स्टाफरूमच्या दाराआड उभं राहून घेत होते. का? लाज म्हणून? नाही. आपली गोष्ट आपली असते म्हणून! मग चौदा वर्षांच्या पोरीची गोष्ट सगळ्या शाळेची कशी झाली?

आतून अंजूचा आवाज आला. "मी येईन सर. पण पेशंट नाही होणार."

"नको होऊ," सर खाली मान घालून म्हणाले. "डॉक्टर हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधीच यादी निघाली. मग सर एका ठरावाचा कागद लिहून शाळा समितीचे अध्यक्ष कृष्णराव यांच्याकडे गेले. कृष्णराव देवभक्त. नाटकात देवाची थट्टा आहे म्हणून सरांवर आधीच रागावलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, मी देवाले मानतो, तुमी मानत नाही. जाऊ द्या. पण मी नवस बोलतो तं मनात बोलतो, शेजाऱ्याले ऐकू जाऊ देत नाही. आना तुमचा कागद."

समितीच्या सभेत ठराव झाला. यापुढे कोणत्याही मुलाचा अहवाल बंद पाकिटात फक्त आईबापाच्या हाती द्यायचा. सगळ्यांनी सह्या केल्या. पण ती यादी लावली कोणी, हे सभेत एकानंही विचारलं नाही. सारे छताचा पंखा पाहत बसले. सरांनीही पंखाच पाहिला.

संमेलनाच्या दिवशी चार वाजताच मांडव भरला. नाटकात सरांनी एक नवा प्रवेश घातला होता. पेशंटभोवती गाव जमतं, तेव्हा पांढऱ्या कोटातली अंजू म्हणाली, "सगळे बाहेर थांबा. हिच्या दुखण्याचं मी हिच्याशी आणि हिच्या आईशीच बोलणार."

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ओ डॉक्टरीणबाई, तुमचंच नाव व्हतं नं यादीत!"

शिक्षक हारतुरे नीट करू लागले. कृष्णराव आपल्या चपलांकडे पाहू लागले. विंगेतले सर नाटकाच्या वहीची पानं उलटू लागले.

गळ्यातला स्टेथोस्कोप नीट करून अंजूनं त्या आवाजाकडे पाहिलं.

"मागं कोण हाय? दादा, अगोदर नंबर लावा. अन् दुसऱ्याचे कागद वाचाचा आजार असन, तं त्याच्यावर माह्याजवळ गोळी नाही!"

काय हशा उसळला! काय टाळ्या! नळावरच्या त्या दोघी बायाही टाळ्या पिटत होत्या, आणि रुखमा तर खुर्चीवरच चढली होती. पुढचं सारं नाटक अंजूनं मुठीत धरून नेलं. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

आभाराला सर माईकपुढे आले. हातातला आभाराचा कागद त्यांनी खिशात घातला.

"मंडळी, एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी बोलत नाही. मीही बोललो नाही. ती यादी मी लावली होती. नाटकात मी भगताला हरवलं, पण शाळेत मीच भगत झालो होतो. विज्ञान नुसतं आजार ओळखायला शिकवत नाही, माणसाची अब्रू राखायलाही शिकवतं. आजारात लाज नाही. पण तो कोणाला सांगायचा, हे ज्याचं अंग दुखतं त्यानं ठरवायचं. भगतानं नाही, अन् मास्तरानंही नाही. ती सात नावं मी आज पुन्हा घेणार नाही. पण तुम्ही सातही जण ऐकत आहात, हे मला माहीत आहे. बाळांनो, तुमचा मास्तर चुकला. मला माफ करा."