गल्लीकडची खिडकी

आमच्या घरात कूलर सुरू करायलाही मुहूर्त लागतो. अक्षय्य तृतीयेला पितरांना पाण्याचा कुंभ दिल्याशिवाय जिवंत माणसांना गारवा मिळत नाही, मग चैत्रातच अंगाची लाही होवो. त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, धोतर वर खोचून कूलरच्या जाळ्या काढायचे, काळा पडलेला वाळा उपसून नवा भरायचे, पंप घासायचे आणि पहिल्या पाण्यात तांब्याभर गंगा ओतायचे. संकठा घाटाजवळच्या गंगेत काय काय असतं ते मी बोलून दाखवलं की म्हणायचे, "ऋता, पंपाला विचार. त्याची काही शिकायत नाही."

यंदा अण्णांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी औषधं वाढवायच्या ऐवजी कमी केली, त्यावरून आम्ही काय ते समजलो. माझा भाऊ ओजस बंगळूरला घेऊन जातो म्हणून मागे लागला होता. पण जन्मभर काशीत राहून मरायला काशीबाहेर जाणारा करंटा आमच्या घराण्यात अजून निपजायचा आहे. तेव्हा वाळा मी भरला आणि अण्णांनी खाटेवरून हुकूम सोडले.

वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीला दोन खिडक्या. एक घरातल्या चौकाकडे, तिच्यात कूलर. दुसरी बरोबर समोर, गल्लीवर उघडणारी. कूलरचं शास्त्र साधं आहे. एकीकडून ओली हवा आत येते, ती दुसरीकडून बाहेर जायला हवी. समोरची खिडकी लावून घेतली की गारवा राहतो बाजूला, नुसती उकड होते. आईला हे या घरात सून म्हणून आली तेव्हापासून ठाऊक आहे. तरी या वर्षी ती खिडकी बंद करू लागली.

मी बँकेतून घरी यावं तर भिंतींना घाम, अण्णांचा सदरा पाठीला चिकटलेला, आणि श्वास भात्यासारखा.

"आई, तू त्यांना मोदकासारखं उकडते आहेस!"

"लू येते गं खिडकीतून, गरम झळा."

"सकाळी सात वाजता लू?"

"मग धूळ येते."

माझ्या आईचं नाव विद्युल्लता. नाव ठेवणाऱ्याने पुढचं सगळं पाहूनच ठेवलं असावं. तिच्याशी वाद घातला की आधी वीज पडते आणि मग पाऊस. मी खिडकी उघडायची, ती बंद करायची. अण्णा मध्ये पडायचे नाहीत. मला त्यांचाही राग यायचा. चार वेद तोंडपाठ असलेल्या माणसाला बायकोला "खिडकी उघड" एवढं म्हणता येऊ नये?

मग एका रविवारी मी घरी होते. आई अण्णांच्या खोलीत बसून विळीवर लौकी, म्हणजे दुधी, चिरत होती. लांबून, गल्लीच्या पार टोकाकडून आवाज आला, "राम नाम सत्य है." आमची गल्ली मणिकर्णिकेकडे जाते, त्यामुळे दूधवाला आणि तिरडी दोघांचाही रस्ता तोच. आई ताडकन उठली. ओल्या हातांनीच तिने खिडकीची दारं ओढली, कडी घातली आणि पलीकडे जाऊन कूलरचं बटण फुल्लवर फिरवलं. कूलर भणभणला. अण्णांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तिरडी खालून निघून गेल्यावर आई परत विळीवर बसली. तिची मान खाली होती आणि लौकीच्या फोडी एकसारख्या पडत नव्हत्या.

माझा सगळा राग ओसरला. तिला वाटत होतं, अण्णांनी ऐकू नये. ज्या आवाजात आज दुसरं कोणी चाललंय, त्यात उद्या आपणच, हे त्यांच्या कानावर पडू नये.

आणि बंद करायला तिला खिडकी मिळाली तीही तीच. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. घरातलं माणूस गेलं की त्या या खिडकीत उभ्या राहतात आणि राम नाम संकठेच्या देवळापाशी वळून ऐकू येईनासं होईपर्यंत हलत नाहीत. तेवढीच बायकांची सोबत. आजी गेली तेव्हा आई तिथे उभी होती, आणि तिचा पदर धरून मी.

खिडकीच्या भांडणावर तोड आईनेच काढली. तिने ओजसला फोन केला आणि आठवड्याच्या आत एसी दारात आला, खिडकीत बसवायचा. बसवायला बिसेसर मिस्त्री. खरं नाव विश्वेश्वर, पण ते त्याच्या आधार कार्डालाच माहीत. तो कूलर काढून चौकाकडच्या खिडकीत एसी बसवायला लागला, तशी आई म्हणाली, "उसमें नहीं. गली वाली में."

"अरे माताजी, गली में गरम हवा फेंकेगा. आने-जाने वाले गाली देंगे."

"देने दो."

बिसेसरने गल्लीकडची खिडकी प्लायने बंद केली, मध्ये एसी बसवला, फटींमध्ये फोम कोंबला आणि वरून सिलिकॉन फिरवलं. मुंगी शिरायची नाही, म्हणाला. कूलर चौकात उताणा पडला. आई त्याच्यावर पापड वाळवू लागली.

खोटं कशाला बोलू, अण्णांना बरं वाटलं. भिंती सुकल्या, श्वास जरा खाली बसला. आई शाल पांघरून त्यांच्या उशाशी बसायची आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवला होता. बाहेर कोण गेलं, कोण आलं, काही कळत नव्हतं.

एकदा ती देवळात गेली असताना अण्णांनी मला जवळ बोलावलं.

"काय गं, काशीत लोकांनी मरणं बंद केलंय काय? एवढ्या दिवसांत कोणी निकललंच नाही."

मी हसायला गेले आणि हसूच फुटेना. ते म्हणाले, "गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला मी इथून शिव-शिव म्हणत आलो. ओळखीचा असो, नसो. वाटतं, आपल्या वेळेलाही कोणीतरी म्हणेल. ते राम नाम ऐकलं की बरं वाटायचं गं मला. भीती नव्हती वाटत."

"मग आईला सांगा ना! आत्ता बिसेसरला बोलावते."

"राहू दे. भीती मला नाही, तिला वाटते. तिला झोप लागतेय आता."

अण्णा ज्येष्ठात गेले, पहाटे, झोपेतच. ओजस विमानाने पोचेपर्यंत त्यांना त्याच खोलीत जमिनीवर ठेवलं आणि एसी सोळावर लावला. त्या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो असा. आई गारठून त्यांच्याजवळ बसून राहिली, शालसुद्धा घेतली नाही.

संध्याकाळी त्यांना उचललं. ओजसने पुढे मडकं धरलं, गल्लीतल्या माणसांनी खांदा दिला. उंबऱ्याशी आम्ही बायका थांबलो, आणि आई तशीच वळून भराभर जिना चढली. मी मागे धावले. ती सवयीने खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती. तिच्यासमोर प्लाय होतं, पांढरा खोका होता, आणि तो खोका अजून घरघरत होता. बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"बंद कर तो, ऋता. बंद कर!"

मी बंद केला. तिने प्लायला कान लावला. मीही लावला. काही नाही. बिसेसरने काम चोख केलं होतं.

आईने कोपऱ्यातली विळी उचलली आणि तिच्या टोकाने फोम खरवडू लागली. सिलिकॉन तुटेना, तर नखांनी ओढू लागली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने मला ढकललं. शेवटी बोटभर फट पडली आणि गल्लीची गरम हवा आत आली. तिच्याबरोबर एका स्कूटरचा हॉर्न आला, पोरांचा दंगा आला. राम नाम संकठेपाशी कधीच वळलं होतं.

मला वाटत होतं, अण्णा काय ऐकत पडून राहायचे हे त्यांनी फक्त मलाच सांगितलं. पण इतकी वर्षं त्यांच्याशेजारी काढलेल्या बाईला ते कोणी सांगायला हवं होतं का? तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी तिला ती खिडकी उघडी ठेवता आली नव्हती.

ती गुडघ्यांवर बसली, फटीला ओठ लावले आणि गल्लीत म्हणाली, "शिव-शिव. अहो, उघडली हो खिडकी."