तारेच्या आतली तूट

रुग्णांना दवाखान्यात ने-आण करणारी व्हॅन तिसऱ्यांदा त्या बापलेकीच्या गॅरेजात ओढून आणावी लागली, तेव्हा चालकाचा पारा चढलेला होता. "ताई, आत दोन आजारी माणसं होती आणि गाडी भर चढावर बंद पडली. आता मी ती कंपनीच्या वर्कशॉपलाच नेतो."

पहिल्या खेपेला लेकीने गाडीतला दोष दाखवणारा स्कॅनर लावला होता. इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर गेलाय, असं त्यावर आलं आणि तिने सेन्सर बदलला. दुसऱ्या खेपेला बाबांनी बॉनेटवर कान टेकवून निकाल दिला, "पंप गेलाय!" आणि पंप बदलला. दोघंही तोंडावर आपटले होते. तरी बाबांचा हेका कायम होता.

"तो स्कॅनरचा डबा भंगारात घाल. त्याच्या नादी लागून तू कामातून गेलीस."

"आणि तुमचा कान?"

चालकाने किल्लीसाठी हात पुढे केला. तिने किल्ली खिशात टाकली.

"गाडी इथून हलणार नाही. दोष सापडेपर्यंत नाही. इथून नीट झाली म्हणून दोनदा मीच पाठवलीय."

"ही दादागिरी झाली!"

"झाली तर झाली. बसा."

तिने स्कॅनर पुन्हा जोडला, पण या वेळी नुसता दोषाचा क्रमांक वाचला नाही. सपाटीवर इंजिन सुरू होत होतं; ते चालू ठेवून फेऱ्यांचा आलेख पडद्यावर लावला. "बाबा, सेन्सरकडे जाणाऱ्या तारा हलवा. वीत वीत पुढे जा. फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवा."

"मला शिकवतेस?"

"हो. मला पडद्यावरून नजर हलवता येणार नाही. हात तुम्हीच घाला."

पुटपुटत त्यांनी हात घातला. तारांचा जुडगा चाचपत ते इंजिनाच्या मागच्या बाजूला पोचले आणि पडद्यावरची रेघ धाडकन खाली आली. इंजिन बंद.

"थांबा! हात तिथेच ठेवा!"

त्यांच्या बोटांखालची तार वरून धडधाकट दिसत होती. तिने ती वाकवून पाहिली, तर आत पोकळ लागली. वेष्टण सोललं, तेव्हा तांबं तुटलेलं निघालं. गाडी चढाला लागली, इंजिन जरा मागे झुकलं, की टोकं सुटत होती.

नवा तुकडा जोडून, पुन्हा ताण बसू नये म्हणून तिने जुडगा ढिला बांधला. तेवढ्यात बाबांनी चालकाला ऐकवलं, "शेवटी हातालाच सापडलं बघा."

"दोघांना मिळून सापडलं," ती म्हणाली. "आणि त्याआधी दोघंही चुकलो होतो. हेही सांगा त्यांना."

बाबांनी डोळे वटारले. गिऱ्हाइकासमोर त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. तिने नजर झुकवली नाही.

"चुकलो होतो," अखेर ते कसेबसे म्हणाले.

चाचणीसाठी तिने सगळ्यात उभा चढ निवडला. बाबा न विचारता शेजारी येऊन बसले, चालक मागे. अर्ध्या चढावर तिने मुद्दाम गाडी थांबवली आणि तिथूनच पुन्हा उचलली. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. माथ्यावर बाबांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "तो आलेख कुठलं बटण दाबलं की दिसतो?"