मिंको रजईवाल्याची फुकट वेबसाईट

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेलच, आणि पाहिलं असेल तर चुकून! बल्गेरियातल्या गाब्रोवो गावात मिंकोबाबा नावाचे लोकरीच्या रजया शिवणारे कारागीर आहेत. त्यांची मी जुनी वेबसाईट.

माझा जन्म स्वयंपाकघरात झाला. मिंकोबाबांची मुलगी वेलिका सुट्टीत राजधानीतून, सोफियाहून आली होती. तिनं बानित्सा, म्हणजे चीज भरलेली खारी पोळी, भट्टीत भाजायला ठेवली आणि ती फुगेपर्यंत मला उभं केलं. एक पैसाही खर्च झाला नाही! जागा फुकटची, म्हणून माझ्या पायाशी सतत दुसऱ्यांच्या जाहिराती. कधी गाड्यांचे टायर, कधी टकलावर केस उगवणारं तेल. पण वर मात्र मिंकोबाबांचा फोटो, दुकानाचा पत्ता, फोन नंबर, आणि खाली लोकांना चार शब्द लिहायला मोकळी जागा. मला किती मिरवावंसं वाटत होतं!

माझ्यावर जबाबदारीही मोठी होती. तयार पांघरुणं स्वस्तात मिळू लागली होती आणि मिंकोबाबांकडे कुणी फिरकत नव्हतं.

"हिवाळ्यापर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर दुकान बंद आणि तुम्ही माझ्याकडे सोफियाला," वेलिकानं बजावलं होतं.

"चौथ्या मजल्यावर? तिथे लोकर कुठे वाळवू, तुझ्या डोक्यावर?"

म्हणजे लोकांना या दारापर्यंत आणायचं काम माझं. आणि लोक तर माझ्याकडेच येईनात! मी रात्रंदिवस उघडी. कधीमधी एखादा वाट चुकलेला यायचा, टायरच्या जाहिरातीवर बोट टेकवून निघून जायचा. मित्रांनो, सगळ्या जगाला दिसू शकत असताना कुणालाच न दिसणं, हा फार विचित्र एकटेपणा असतो.

मग वेलिकानं एक शक्कल लढवली. तिनं कागदावर बाबांचा फोटो, नाव आणि माझा पत्ता छापला. रंगीत छपाई महाग, म्हणून नुसती काळी. उठून दिसावं म्हणून भोवती जाड काळी चौकट. आणि पाव घ्यायला सगळे थांबतात त्या बेकरीच्या भिंतीवर ते कागद चिकटवून ती सोफियाला परतली.

कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढून परदेशातल्या गाववाल्यांना पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे झुंबड उडाली! स्पेनहून, जर्मनीहून, गाव सोडून गेलेली माणसं येत होती. मी हरखून गेले. मग त्यांनी लिहिलेलं वाचलं. 'देव त्यांना क्षमा करो.' 'लहानपणी यांच्याच रजईत झोपलो.' 'किती भला माणूस होता!'

आमच्याकडे कुणी वारलं की त्याच्या फोटोचा काळ्या चौकटीतला कागद भिंतीवर लावतात. बेकरीची भिंत त्याच कागदांनी भरलेली होती. आणि वेलिकानं बाबांना नेमकं तिथे नेऊन बसवलं होतं!

शेजारची झ्द्राव्का मृतांच्या नावानं वाटतात ते गोड गहू शिजवून दुकानात आली आणि दारातच थिजली.

"अगं बाई! मिंको, तू इथे?"

"मग कुठे असणार? हे गहू कुणाचे?"

"तुझेच!"

"मग आण इकडे. दुसऱ्यांनी का खावेत?"

संध्याकाळी मिंकोबाबांनी फोनवर वेलिकाला फैलावर घेतलं. "पोरी, तुला अख्ख्या गावात मेलेल्यांचीच रांग सापडली?"

"बाबा, मी नुसती चौकट काढली हो!"

तिनं लगेच माझ्यावर लिहिलं, 'मिंको ठणठणीत आहेत. जुन्या रजया पिंजून नव्यासारख्या करून मिळतील.' रडून झालेल्या माणसांना ओशाळल्यासारखं झालं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून गावातला जो तो माळ्यावरची रजई काखोटीला मारून आला. हिवाळा आला, दुकान बंद झालं नाही. "माझी वेबसाईट आहे," मिंकोबाबा छाती फुगवून सांगायचे. ते माझे सुखाचे दिवस!

पुढे लोक थेट त्यांनाच फोन करू लागले. जागा पुरेना, म्हणून दुकान नदीपलीकडे गेलं. फोनचा नंबरही बदलला. "वेबसाईटवर लिहायला हवं," वेलिका म्हणाली. "उद्या लिहिते." मी वाट पाहिली. हिवाळे गेले. तो उद्या आलाच नाही.

गेल्या महिन्यात दूरच्या रूसे शहरातल्या पेन्काआजींनी मला शोधलं. त्यांच्या गेलेल्या आईची रजई गोळे गोळे होऊन विरत चालली होती. त्यांनी माझ्यावरचा पत्ता उतरवून घेतला आणि भल्या पहाटेची बस धरून, रजईचं गाठोडं मांडीवर घेऊन त्या आल्या. बर्फ पडत होतं. जुन्या दाराला कुलूप. त्यांनी नंबर लावला, लागला नाही. गल्लीत विचारायलाही कुणी नव्हतं.

त्यांनी मला पुन्हा उघडलं. पत्ता वाचला, दाराकडे पाहिलं. पुन्हा उघडलं. मी तोच पत्ता दाखवला. मला दुसरा माहीतच नव्हता! मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते, 'आजी, पूल ओलांडा!' पुलापलीकडे मिंकोबाबा शेगडीशी हात शेकत गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. आजी गाठोडं उचलून परतीच्या बसकडे गेल्या. त्यांना अजून काही ठाऊक नाही, आणि मिंकोबाबांनाही.

मित्रांनो, तुमच्या काकांनी, मावशीनं, शेजाऱ्यांनी दुकानासाठी माझ्यासारखं काही उभं केलं असेल, तर आज एकदा ते उघडा. पत्ता वाचा, नंबर लावून बघा. चुकलं असेल तर त्यांच्या मागे लागून बदलून घ्या. आम्ही फुकटात उभ्या राहतो हो, पण आमच्या शब्दावर माणसं बर्फातून येतात.

बर्फाच्या त्या दिवशी, कितीतरी दिवसांनी माझ्याकडे खूप भेटी नोंदल्या गेल्या. सगळ्या पेन्काआजींच्याच होत्या.