बोटभर उघडे दार

मी एक जुनी शेगडी आहे. लोखंडाची, चार पायांची, दाराला काच असलेली, लाकूड जाळून घर उबदार ठेवणारी. आणि राहते कुठे, तर कतारमध्ये, दुखानला, कंपनीच्या वसाहतीतल्या एका बैठ्या घरात. हसलात ना? हसा, मित्रांनो. जिथे लोक वर्षातले बहुतेक महिने एसीखाली बसतात तिथे शेगडीचे काय काम, हे मला आजवर प्रत्येकाने विचारून झाले आहे. पण जानेवारीत समुद्रावरून वारा सुटला की इथल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि मग हसणारेच हात पुढे करून माझ्यासमोर येऊन बसतात. निदान पूर्वी बसत असत.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातला. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतून मला घडवले. मग दाराला काच बसवली. ही काच खिडकीची नव्हे, कितीही तापली तरी न तडकणारी, खास शेगडीसाठी केलेली. आणि दाराच्या आतल्या कडेच्या खाचेत एक पांढरी, विणलेली दोरी चिकटवली. दिसायला ती समईतल्या वातीसारखी, पण जळत मात्र नाही. दार लावले की ती दबते आणि फट बुजते. माझी काच सगळ्यांना आवडते, कारण तिच्यातून जाळ दिसतो. दोरीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण दोरी शिणली की नको तिथून हवा आत शिरते, धूर बाहेर येतो आणि काच काळीठिक्कर पडते. काचेचा सगळा तोरा त्या दोरीच्या जिवावर असतो, हे काचेलाही माहीत नसावे.

मला इथे आणले एका परदेशी इंजिनिअरने. त्याला घरच्या थंडीची फार आठवण यायची. त्याने छपरातून धुराडे काढले, मला कोपऱ्यात बसवले, आणि नोकरी संपल्यावर मला तिथेच सोडून तो निघून गेला. मी जड, मला कोण नेणार? नंतर आलेल्यांनी माझ्यावर आधी बूट ठेवले, मग टीव्हीचे रिकामे खोके, मग मनी प्लांटची कुंडी. कित्येक हिवाळे माझ्या पोटात काडी पेटली नाही. एवढ्या वर्षांत कोणी माझे दारसुद्धा उघडून पाहिले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

मग श्याम आणि नमिता आले, नाशिकचे. श्याम तेलक्षेत्रात इंजिनिअर, शिफ्टवर जाणारा. मुलगी अनुष्का पुण्याला कॉलेजात. त्यामुळे नमिता दिवसभर घरात एकटी. पहिल्याच हिवाळ्यात तिने ती कुंडी उचलली, माझे दार उघडले आणि सुमरची, म्हणजे इथल्या वाळवंटी बाभळीची, लाकडे आणून मला पेटवले. मी आनंदाने पेटले खरी, पण माझी दोरी केव्हाच चेपून दगड झाली होती. बघता बघता घर धुराने भरले.

"खलास," श्याम खोकत म्हणाला. "भंगारात देऊ ही. मी हीटर आणतो."

तेवढ्यात शेजारची तसनीम धावत आली. ही रायगडची, श्रीवर्धनकडची. तिचा नवरा मुदस्सिर पाइपलाइनच्या दुरुस्तीवर होता. तिने आल्या आल्या खिडक्या उघडल्या आणि डोळे पुसत माझ्यापुढे उकिडवी बसली.

"अगो, भंगारात कशाला? दोरी गेलीय हिची. आमचे हे पाइपांच्या जोडांत असलंच काय काय बसवत असतात."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे इथून सुरू झाली. मुदस्सिरने दोह्याच्या एका दुकानातून दोरीचे भेंडोळे आणले. फोनवर व्हिडिओ बघत बघत दोघींनी माझी जुनी दोरी खरवडून काढली, खाच घासली, उष्णता सोसणारा गोंद लावून नवी बसवली. दोघींचे हात काळे, नाकाला काळे, आणि हसणे थांबेना. उरलेले भेंडोळे तसनीमने आपल्या कपाटात ठेवले. "तुझ्याकडं राहिलं तर तू त्याने पडदे बांधशील," ती म्हणाली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांचा एक नेम असे. मी थंड असताना ओल्या वर्तमानपत्राला थोडी राख लावून काच पुसायची. मग दोरी तपासायची. वर्तमानपत्राची एक पट्टी दारात धरून नमिता दार लावी आणि तसनीम पट्टी ओढी. पट्टी सहज सुटली तर दोरी ढिली. अडकून बसली, फाटली, तर दोरी चांगली. पट्टी फाटली की दोघी लहान मुलींसारख्या खूश होत. मग चहा. तसनीमचा बिनदुधाचा, लिंबू घातलेला सुलेमानी, नमिताचा आल्याचा. वेताची दोन बुटकी आसने, म्हणजे मोढे, माझ्यासमोर, आणि गप्पा श्रीवर्धनपासून नाशिकपर्यंत.

आणि थंडी सरली की तसनीम बजावायची, "दार घट्ट लावू नको गो. महिनोन्‌महिने दाबून राहिली तर दोरी चेपून मरते. बोटभर उघडं ठेव."

वसाहतीत उघड्यावर जाळ करायची सोय नव्हती. म्हणून नमिताची होळीही माझ्याच पोटात पेटे. बाहेर मार्चचा उकाडा, खोलीत एसी सुरू, आणि कोपऱ्यात मी धगधगतेय. अशी होळी तुम्ही पाहिली नसेल. नमिता पुरणपोळीचा नैवेद्य दाखवी आणि अख्खा नारळ माझ्यात ठेवी. भाजलेले खोबरे सगळ्यांना प्रसाद म्हणून मिळे. होळी रमजानात येऊ लागली तेव्हा तसनीम डब्यात खजूर घेऊन येई. सूर्य बुडाला की तिकडे होळी पेटे आणि इकडे तिचा रोजा सुटे. खजुरानंतर पहिला घास नमिताच्या पोळीचा.

एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. स्वयंपाकघराचे दार माझ्या बरोबर समोर आहे. दर होळीला तसनीम आत जाई आणि ओट्यावरच्या नारळाचा एक डोळा पाडून, म्हणजे सुरीच्या टोकाने तिथे भोक करून, पाणी वाटीत काढून, नारळ पुन्हा जागेवर ठेवी. ती कोकणातली. बंद नारळ जाळात घातला तर काय होते, हे तिला कोणी शिकवायला नको होते. तिने हे कधी कोणाला सांगितले नाही, आणि नमिताच्या ते कधी लक्षात आले नाही.

त्या वर्षी श्यामच्या नव्या मॅनेजरची बायको, मालविका, होळीला आली होती. पुण्याची, नीटनेटकी. आणखी चार घरची माणसे होती. नमिताची नुसती धांदल. तसनीमला यायला उशीर झाला. ती दारात आली तेव्हा नमिता नारळ घेऊन माझ्यासमोर वाकलेली होती.

"थांब गो, अख्खा टाकू नको," तसनीम म्हणाली. "डोळा पाड आधी."

"असू दे. दरवर्षी अख्खाच टाकते मी."

"नाय गो, ऐक. आमच्याकडं शिमग्याला..."

सगळे बघत होते. मालविकाही बघत होती. नमिताचा चेहरा लाल झाला. "तसनीम, होळीतलं तुला काय कळतंय?" ती म्हणाली, आणि नारळ ठेवून दार लावले.

तसनीमने हातातला खजुराचा डबा खाली ठेवला. ती मोढ्यावर बसली, सूर्य बुडून होळी पेटल्यावर खजूर खाल्ला, पाणी प्यायली. नमिताने पोळीचे ताट तिच्या पुढ्यात ठेवले. तेवढ्यात माझ्या पोटात नारळ फुटला. आवाज केवढा झाला म्हणून सांगू. करवंटीचा तुकडा काचेवर आदळला, तिला आडवा तडा गेला आणि खालचा तुकडा फरशीवर पडला. कोणाला लागले नाही, कारण तसनीमने नमिताचा हात धरून तिला मागे ओढले होते. त्यानंतर तिने केरसुणी आणली, काच गोळा केली, आणि "येते" म्हणून निघून गेली. पोळीचे ताट तसेच राहिले.

नमिता त्या रात्री रडली. पण तिने फोन केला नाही.

"जाऊन ये ना तिच्याकडे," श्याम म्हणाला.

"आधी काच बसू दे. मग चहाला बोलावते. शेगडीसमोर बसवून नीट बोलेन."

मला ओरडून सांगावेसे वाटत होते की बाई, माझी काच राहू दे, तू आत्ता जा. पण शेगडीचे कोण ऐकतो? ईदला तसनीमकडून शिरखुर्म्याचा डबा आला, नेहमीसारखाच, पण मुदस्सिरच्या हाती. नमिताने डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणून त्यात करंज्या भरल्या आणि तोही श्यामच्याच हाती धाडला. दोन घरांमध्ये एक कुंपण होते आणि दोघी त्या कुंपणाशी येत नव्हत्या.

घाईघाईत नमिताने दोह्याहून साधी काच कापून आणवली. मला पेटवून पाहिले, तर थोड्याच वेळात तिचे तुकडे झाले. खिडकीची काच ती, तिची काय चूक? मग शेगडीची खरी काच परदेशातून मागवली. तोवर उन्हाळा आला. नमिताने रागारागाने माझे दार घट्ट लावले, कडी आवळली आणि ती नाशिकला गेली. मी अंधारात, दोरी दाबून, गप्प.

ऑगस्टमधल्या एका दुपारी तसनीम आली. श्याम एकटाच घरी होता.

"ह्यांचं काम संपलं," ती म्हणाली. "परवा निघतोय, श्रीवर्धनला. कायमचे. नमिताला हे द्या. काच बसवताना लागेल." तिच्या हातात उरलेल्या दोरीचे भेंडोळे होते.

"तिला फोन लावू का?"

"नको. सुट्टीवर आहे ती. राहू दे."

श्याम पाणी आणायला आत गेला. तसनीम माझ्यापुढे उकिडवी बसली. तिने माझी कडी सैल केली, दार बोटभर उघडले आणि क्षणभर त्याच्यावर हात ठेवला. मग ती उठली. मित्रांनो, मला रडता येत असते तर मी त्या दिवशी रडले असते.

सप्टेंबरात नमिता परतली. शेजारच्या खिडकीला वेगळे पडदे होते. श्यामने भेंडोळे तिच्या हाती दिले. ते घेऊन ती माझ्यासमोर आली आणि थबकली.

"हे दार तू उघडलंस?"

"मी कशाला त्याला हात लावू?" श्याम म्हणाला.

ती खाली बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

काच आली. नमिताने एकटीने जुनी दोरी खरवडली, एकटीने नवी बसवली. काचेचे स्क्रू तिने फार आवळले नाहीत. तापल्यावर काचेलाही पसरायला जागा लागते, हे दोघींनी मिळून शिकले होते. गोंद सुकल्यावर तिने वर्तमानपत्राची पट्टी दारात धरली, दार लावले आणि स्वतःच ओढली. पट्टी फाटली. खूश व्हायला शेजारी कोणी नव्हते.

वारा सुटला त्या संध्याकाळी तिने मला पेटवले. सवयीने दोन मोढे मांडले. माझी काच इतकी स्वच्छ होती की जाळ आणि नमिता यांच्यात काही आहे असे वाटत नव्हते. तरी खोली रिकामीच होती. शेवटी तिने फोन उचलला, लावला आणि रिकाम्या मोढ्यावर ठेवला.

"तसनीम, शेगडी पेटवलीय."

 पलीकडून तसनीमचा आवाज आला. "नवी दोरी ना? पहिल्यांदा वास येईल. खिडकी उघड."

"उघडलीय."

"कागद ओढून बघितलास?"

"बघितला. फाटला." नमिता फोनकडे वाकली. "तसनीम, इतकी वर्षं नारळ कधी फुटला नाही. त्याच वर्षी कसा फुटला गं?"

"दरवर्षी मी त्याचा डोळा पाडायचे."

नमिताने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "मला कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?"

"मी मात्र बोलले. नको ते बोलले, चारचौघांत. चुकलं माझं. तेव्हाच यायला हवं होतं, मी काचेची वाट बघत बसले."

जाळात एक लाकूड सरकले. तसनीम हळूच म्हणाली, "माझी पोळी राहिलीय तुझ्याकडं."

"ये ना खायला."

"इन्शाल्ला," ती म्हणाली. त्यात येईन किती होते आणि नाही किती होते, मला कळले नाही. नमिताला कळले असावे, कारण फोन ठेवल्यावर ती रिकाम्या मोढ्याकडे बघत राख होईपर्यंत बसून राहिली.

आता पुन्हा उन्हाळा आहे. माझे दार बोटभर उघडे आहे. होळीला नमिताने मला पेटवले, नारळाचा डोळा स्वतः पाडला, आणि एक पोळी ताटात काढून रिकाम्या मोढ्यापुढे ठेवली. खायला कोणी आले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी शेगडी तुमच्याकडे असेल तर तिची काच थंड असतानाच पुसा, दोरी वर्षातून एकदा तरी तपासा, आणि उन्हाळ्यात तिचे दार आवळून लावू नका. आणि कोणाशी वाईट बोलला असाल, तर आधी काही दुरुस्त होण्याची वाट बघत बसू नका. काच परदेशातून मागवता येते, थोडा उशीर होतो इतकेच. शेजार मात्र मागवता येत नाही. फुटक्या काचेसमोर बसूनही तसनीम चहा प्यायली असती. मी तिला ओळखते.